पेटीतला ढग

काचेच्या पेटीतला ढग सकाळपासून पांढराशुभ्र दिसत होता, आणि शास्त्रज्ञबाईंचा राग नेमका त्यावरच होता. त्यांच्या संगणकातलं गणित सांगायचं, की स्वच्छ हवेतल्या ढगात मिठाचे बारीक कण सोडले, की मोठ्या थेंबांऐवजी पुष्कळ चिमुकले थेंब तयार होतात; ढग उजळतो आणि ऊन परत पाठवतो. पण हवेत आधीच धूळ असली, तर ढगही आधीच उजळलेला! मग मीठ घालून फरक दिसणार काय, कपाळ? तासाभरात परीक्षक येणार होते. फरक दिसला नाही, तर काम कायमचं बंद.

"माझ्या खोलीत धूळ आणतंय कोण?" बाईंनी हातमोजे चढवले, कण मोजायचं यंत्र उचललं आणि मदतनिसासमोर धरलं. यंत्र किंचाळलं.

"मॅडम, मी अंघोळ करून आलोय!"

"दिसतंय ते! बाहेर!"

धुळीच्या माणसाजवळ नेलेले मोजे कसे वापरायचे? बाईंनी ते फेकून नवे चढवले. तेवढ्यात नवरा डबा घेऊन आला. यंत्र आणखी जोरात ओरडलं.

"अगं, मी आत्ता तर आलो!"

"आणि येताना अख्खा रस्ता घेऊन आलास!"

पुन्हा नवे मोजे. मग संचालक डोकावले. यंत्रानं टाहोच फोडला.

"बाई, मी इथला संचालक आहे!"

"कणांना हुद्दा कळत नाही, सर. बाहेर!"

दार बंद झालं. आता खोलीत बाई एकट्या. त्यांनी चौथी जोडी फटकन ओढली, तशी खिडकीतल्या उन्हात पांढरी भुकटी उडाली आणि यंत्र बोंबललं. मोज्यांना आतून पावडर होती.

"असले मोजे आणले कुणी?" दार उघडून बाई गरजल्या.

"तुम्हीच, मॅडम," मदतनीस म्हणाला. "बिनपावडरीचे हाताला चिकटतात म्हणालात."

बाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, पंखे लावून हवा गाळली. ढग हवा तसा करडा झाला. परीक्षकही आले. पण मीठ फवारायला एक माणूस हवा आणि उजेड मोजायला दुसरा.

"या ना आत," बाई बाहेर घालवलेल्या तिघांना म्हणाल्या.

"नको गं," दाराबाहेरच्या बाकावरून नवरा म्हणाला. "आम्ही पडलो धुळीची माणसं."

संचालकांनीही मान फिरवली. परीक्षक घड्याळ बघू लागले. बाईंनी दार सताड उघडलं.

"चुकलं माझं. या आता!"

मदतनिसानं मीठ फवारलं. ढग हळूहळू उजळला, अगदी गणितात होता तितकाच.

"उत्तम!" परीक्षक म्हणाले. "या गणितात काही उणीव राहिली आहे का?"

"आहे ना!" बाई तणतणत म्हणाल्या. "त्यात मला धरायचं राहिलं."