पाच बाय दोन

१९७१ चा तो हिवाळा. तिजानी रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि बायकोच्या, शलबियाच्या स्वयंपाकघरात दाखल झाले. सकाळी मिरच्यांचे डबे नावांप्रमाणे लावायचे, दुपारी रश्शात मीठ किती हे विचारायचे. आठव्या दिवशी शलबियाने हात टेकले.

"फायका, तुझ्या बापाला काहीतरी पाळायला आण गं. मांजर नको, तेही स्वयंपाकघरातच येईल."

"मासे पाळू दे ना बाबांना," लेक म्हणाली.

झालं! तिजानी महिनाभर वहीत टिपणं काढत बसले. काचेचं गोल भांडं? त्यात मासा गरगरून वेडा होईल. गोड्या पाण्याचे रंगीत मासे? "समुद्र दहा मिनिटांवर असताना नळाचं पाणी भरू? स्फाक्स बंदराचा माणूस आहे मी!" ठरलं, टाकी खाऱ्या पाण्याची.

शलबियाची अट एकच. "कोपऱ्यात उभी मावेल अशी आणा. वसंतात फायकाचं लग्न आहे, पाहुण्यांना बसायला जागा हवी."

तिजानींनी काचवाल्या हमदाकाकांना चिठ्ठी दिली: पाच वीत उंच, दोन वीत लांब. म्हणजे लिहिलं एवढंच, ५ × २. तीस वर्षं फ्रेंच कागद भरलेला माणूस, डावीकडून उजवीकडे लिहिणारच. हमदाकाका मशिदीच्या शाळेत अरबी शिकलेले. त्यांनी चिठ्ठी उजवीकडून वाचली.

टाकी आली ती दोन वीत उंच आणि पाच वीत लांब. दिवाणखान्याच्या ऐन मध्यावर आडवी पसरली.

"ही टाकी आहे की गाढवाला पाणी पाजायची डोणी?" शलबिया कडाडली.

"वहिनी, चिठ्ठीत होतं तेच केलंय," हमदाकाका म्हणाले. "आणि डोणीला मी एवढी चांगली काच लावत नाही."

तिजानींनी मात्र सायकलवरून समुद्राचं पाणी आणलं, कोळ्याकडून हातभर लांबीची, कपाळावर सोनेरी पट्टा असलेली जिवंत मासळी आणली आणि तिचं नाव सुलताना ठेवलं. स्वयंपाकघर मोकळं झालं. पाहुणे टाकीला वळसा घालून बसू लागले. शलबिया रोज ठेचकाळायची, रोज सुलतानाच्या सात पिढ्या उद्धरायची.

लग्न थाटात लागलं. राहिला होता शेवटचा विधी, घर मुलाबाळांनी भरावं म्हणून नवरा-नवरीने सात वेळा मासा ओलांडण्याचा. आणि नेमकं वादळ सुटलं. तीन दिवस एकही होडी समुद्रात गेली नाही. बाजारात माशाचा खवलाही दिसेना.

जावई लमीनची आई, लल्ला झकिया, अंगभर गुंडाळलेली पांढरी चादर सावरत दारातच उभी राहिली. "मासा ओलांडल्याशिवाय सून माझा उंबरठा ओलांडणार नाही. आमच्यात तसं चालत नाही."

मग तिची नजर टाकीवर गेली. "अगंबाई, हा काय ताजा मासा! काढा बाहेर. मागाहून तळूही."

तिजानी टाकीपुढे जाऊन उभे राहिले. त्यांची हनुवटी थरथरली. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला हा माणूस. उद्यापासून हा पुन्हा मिरच्यांचे डबे लावणार, या विचाराने शलबियाला घाम फुटला. की त्या हनुवटीमुळे फुटला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"विहीणबाई," ती म्हणाली, "मासा ओलांडायचा, एवढंच ना? तो मेलेला हवा असं तुमच्या सासूबाईंनी सांगितलं होतं?"

"नाही... पण..."

"मग फायका, झगा उचल!"

दोन वीत उंचीची टाकी! फायका टुणकन पलीकडे. मागोमाग लमीन. एक, दोन, तीन... बायका टाळ्या पिटत मोजू लागल्या. सातव्या उडीला लमीनचा जोडा सुटला आणि धपकन पाण्यात पडला. सुलताना दचकून उसळली, ती थेट उड्या मोजायला पुढे आलेल्या लल्ला झकियाच्या ओटीत!

लल्ला झकियाने अशी किंकाळी फोडली की मागच्या खोलीतल्या बायकांना ती लग्नात द्यायची आनंदाची आरोळी वाटली. त्यांनी जिभा हलवत तोच सूर उचलला, मग सगळ्या गल्लीने.

"विहीणबाईंची ओटी भरली हो!" शेजारची म्हातारी ओरडली. आता अशा शुभशकुनाला नाही कोण म्हणणार? तिजानींनी सुलतानाला अलगद पाण्यात सोडलं. जेवायला अंडी केली.

फायकाला दीड वर्षात जुळे झाले. जिवंत मासा ओलांडायची कल्पना आपलीच होती, हे लल्ला झकिया मरेपर्यंत सांगत राहिली. लमीन टाकी दिसली की आधी जोडे काढतो. हमदाकाकांनी तसल्या अकरा टाक्या विकल्या आणि अखेरपर्यंत चिठ्ठ्या उजवीकडूनच वाचल्या. सुलतानाला तिजानींनी पुढच्या वसंतात स्वतः समुद्रात सोडलं, मग दुसरी आणली. तिचंही नाव सुलतानाच. तिजानी गेले त्याला आता वीस वर्षं झाली.

परवा नातवाने दुकानातून उंच, दिव्यांची, झकपक टाकी आणली. कोपऱ्यात अगदी फिट्ट बसली. शलबियाने काठी टेकत येऊन ती वितीने मोजली. पाच वीत उंच.

"परत कर," ती म्हणाली. "हिच्यावरून उडी कोण मारणार?"