घनता नियंत्रण कक्षातली घनता

कोणतीही गोष्ट प्रमाणात असावी, हे शास्त्रालाही मान्य आहे. सूर्याच्या जातीची आग चुंबकांच्या वेढ्यात धरून ठेवायची, तर आत वायू बेतानेच सोडावा लागतो. कमी सोडला तर आग धरत नाही. जास्त सोडला तर आतला प्लाझ्मा, म्हणजे तो पेटता वायू, खवळतो, भिंतीवर आपटतो आणि विझतो. आमच्या संस्थेत हे शिपायापासून संचालकांपर्यंत सर्वांना तोंडपाठ आहे. (संचालकांना किंचित कमी.)

वायूची झडप एका बाईंच्या हाती असते. त्यांना आम्ही झडपताई म्हणतो. सुरुवातीला त्या खोलीत एकट्या बसत आणि प्लाझ्मा बरा टिके. मग एकदा तो विझला, म्हणून त्यांच्यामागे पर्यवेक्षक उभा करण्यात आला. पुन्हा विझला, तेव्हा पर्यवेक्षकामागे निरीक्षक आला. प्रत्येक अपयशातून संस्थेने काही ना काही घेतलं. बहुतेक वेळा माणूस.

काल शेवटची संधी होती. प्लाझ्मा अर्धा मिनिट टिकला नाही तर यंत्राला कुलूप, असा वरून आदेश होता. झडपताईंची उमेदीची सगळी वर्षं त्या यंत्रात गेलेली. त्यांचा चेहरा पाहून मला गलबलून आलं. धीर द्यावा म्हणून मी त्यांच्या खुर्चीला खेटून उभा राहिलो. खोलीत लेखा विभाग होता, सुरक्षा विभाग होता, गर्दी निवारण समिती (सर्व सदस्य हजर) होती आणि संचालकांचे मेहुणे होते. ते सहज इकडून चालले होते.

"जरा बाहेर थांबता का? मला घनतेचा काटा दिसत नाहीये," झडपताई म्हणाल्या.

"अगदी बरोबर," संचालक म्हणाले. "ज्यांचं काम नाही त्यांनी ताबडतोब बाहेर व्हावं."

सर्वांनी माना डोलावल्या आणि एकमेकांकडे पाहिलं.

"काय माणसं आहेत!" मेहुणे माझ्या कानाशी म्हणाले. "सांगूनही हलत नाहीत."

यंत्र सुरू झालं. घनता चढू लागली. झडप बंद करायची वेळ आली तेव्हा काटा बघायला सगळे एकदम वाकलो, त्यामुळे तो झडपताई सोडून सर्वांना स्पष्ट दिसला.

"अहो, सरका ना!" त्या ओरडल्या. आम्ही सरकलो. पुढे.

प्लाझ्मा खवळला, आपटला, विझला. झडपताईंनी चष्मा काढून ठेवला आणि त्या टेबलावर डोकं टेकून रडू लागल्या. त्यांना मोकळी हवा मिळावी, असं सर्वानुमते ठरलं. ठरवायला आम्ही तिथेच थांबलो.

'मी असतो तर मुकाट्याने बाहेर गेलो असतो,' असं वाचकहो, तुम्हाला आत्ता वाटलं ना? माझ्या शेजारचे गृहस्थही वाकता वाकता हेच म्हणत होते.