कमळाच्या तळ्याचा मुद्दा

समस्त सज्जनांस, आणि विशेषतः कोलकात्याबाहेर राहणाऱ्या दुर्दैवी सज्जनांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, सॉल्ट लेकमधल्या आमच्या ब्लॉकच्या उद्यानात कमळाचं तळं नाही.

तुम्ही म्हणाल, नसेना का! हेच जरा भालकाका मुळ्यांच्या समोर म्हणून दाखवा. चष्मा कपाळावर चढेल, तर्जनी छताकडे जाईल आणि शेजारच्या इमारतीतलं कुत्रं भुंकायला लागेल अशा आवाजात तुम्हाला ऐकू येईल, "मुद्दा उभा आहे!"

भालकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सगळी हयात सरकारी लेखापरीक्षणात गेली. ते ज्या कचेरीत तपासणीला जात, तिथला चहा म्हणे कपातच गार व्हायचा. बदलीवर इथे आले, निवृत्त झाले आणि इथलेच झाले. नोकरी सुटली, शेरे मारायची सवय सुटली नाही. आमटीत मीठ कमी पडलं की "मुद्दा उभा आहे". सुमनकाकूंनी चिमूटभर मीठ टाकलं की "मुद्दा निकाली". काकू म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट धरला होता ना, तेव्हाही हे त्याची लांबी बघत होते."

त्याच काकूंना अर्धांगाचा झटका आला आणि त्या चाकांच्या खुर्चीत बसल्या. आमच्या उद्यानाला फाटक एकच. तेही पूजेच्या हॉलची भिंत आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या मधे चेपलेलं, आणि स्कूटरी शिरू नयेत म्हणून गोल फिरणारं. त्यातून माणूस जातो, खुर्ची जात नाही. काकांनी पालिकेकडे अर्ज केला. उत्तर आलं : फाटक रुंद करायला जागाच नाही.

मग काका रोज संध्याकाळी काकूंना उद्यानाशेजारच्या पालिकेच्या मोकळ्या भूखंडावर कुंपणाशी नेऊन बसवायचे. तिथून दिसायची फक्त मेंदीची दाट झुडपं. काका एकटेच आत जायचे, फेरी मारायचे आणि परत येऊन गजांमधून काकूंशी बराच वेळ बोलत राहायचे. आम्हाला वाटायचं, भांडतायत.

अशात पालिकेने त्या भूखंडाचा निकाल लावायचं ठरवलं. एक तर तिथे गाड्यांसाठी मजल्यांवर मजले असलेलं पार्किंग होणार, नाही तर जागा उद्यानाला जोडणार. जनसुनावणी ठेवली. पार्किंगच्या बाजूने आमच्या ब्लॉक कमिटीचे सेक्रेटरी घोषबाबू. यांची स्वतःची गाडी एकच, पण चिंता साऱ्या सॉल्ट लेकच्या गाड्यांची.

काका उठले. जागा उद्यानाला द्या, त्या बाजूने रुंद फाटक करा, सपाट वाट करा. मुद्देसूद बोलले. पालिकेच्या बाई मान डोलावत होत्या. मी मनातल्या मनात पेढे वाटले. तेवढ्यात काका म्हणाले, "आणि एक कमळाचं तळं."

बाईंची मान थांबली. "साचलेलं पाणी? डेंग्यूच्या शहरात?"

"ओ मोशाय," घोषबाबू खूश होऊन ओरडले, "मुळ्येबाबूंना डास पाळायचेत!"

हॉल हसला. मी काकांचा सदरा ओढला. "काका, तळं सोडा. जागा मिळतेय!"

"दिगू," काका एकदम हळू आवाजात म्हणाले, "तळं नसेल तर मी ती जागा घेऊन काय करू?" आणि लगेच तर्जनी वर. "मुद्दा उभा आहे!"

निर्णय पुढे ढकलला गेला. काका युद्धाला लागले. जी जागा लोक वापरतात ती लोकांकडे राहते, हा त्यांचा सिद्धांत. संक्रांत जवळ आली होती. काकांनी जाहीर केलं की या वर्षीचं हळदीकुंकू घरात नाही, भूखंडावर होईल. आमंत्रण सबंध ब्लॉकला! जानेवारीच्या कोवळ्या उन्हात सतरंज्या पसरल्या. आमच्या मराठी मंडळाच्या बायका आल्या, बंगाली बायका तर झाडून आल्या. काकू खुर्चीतून डाव्या हाताने हळदीकुंकू लावत होत्या. आणि वाण काय? काचेच्या बरणीत एक-एक जिवंत गप्पी मासा! डासांच्या अळ्या खाणारा. काकांनी बाल्कनीतल्या टबात पिढ्याच्या पिढ्या वाढवल्या होत्या. कोकणस्थाच्या घरून हळदीकुंकवाला मासा! माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला.

बंगाली बायकांना मात्र यात काहीच वावगं वाटलं नाही. शुभकार्यात मासा नाही तर काय असणार! घोषबाबूंच्या बायकोने बरणी उजेडात धरून निरखली आणि भक्तिभावाने विचारलं, "मोठा कधी होतो?"

"मोठा होत नाही."

"आहा रे!" त्या हळहळल्या. "याचा झोल कसा व्हायचा?"

झोल, म्हणजे माशाचा रस्सा, झाला नाही. बरणी घोषबाबूंच्या टीव्हीशेजारी गेली. आठवड्याभरात माकडटोपी घातलेले घोषबाबू मला जिन्यात गाठून सांगू लागले, "दादा, आमचा बाबूशोना आज जेवला नाही."

त्याच दिवसांत एकदा मी संध्याकाळी उद्यानात फिरत होतो. मेंदीपलीकडे काका गजांना धरून उभे होते, पाठ माझ्याकडे. कुंपणाबाहेर काकू.

"आज दोन उमललीत," काका सांगत होते. "एक गुलाबी, एक पांढरं. आणि त्या कडेच्या पानावर बेडूक बसलाय, अगदी हेडक्लार्कसारखा."

"पाणी स्वच्छ आहे ना हो?"

"आरशासारखं. तू आत आलीस की बघशीलच."

मी इकडे तिकडे पाहिलं. समोर कोरडं कारंजं होतं. त्यात बिस्किटाचा पुडा आणि एक चप्पल. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्या नोंदी पकडल्या, तो दोन वर्षं रोज संध्याकाळी बायकोला नसलेली कमळं मोजून देत होता. आणि आता फाटक रुंद झालं तर ती आत येणार होती!

मी चोरासारखा पाय न वाजवता निघून गेलो.

दुसऱ्या सुनावणीत पालिकेच्या बाईंनी निर्णय सांगितला. जागा उद्यानाला, रुंद फाटक मंजूर, तळं नामंजूर. पाण्याची देखभाल करणार कोण? काका उठले. तर्जनी वर गेली आणि या वेळी तशीच खाली आली.

मी तोंड उघडणार इतक्यात मागून घोषबाबू गरजले, "कमिटी करेल! आमच्याकडे मासे आहेत!"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "लहानसं. कोरड्या कारंज्यातच. एवढंच."

"मुद्दा निकाली," काका पुटपुटले आणि खाली बसले.

कारंज्याचं तळं व्हायला पालिकेने पालिकेइतकाच वेळ घेतला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काका सकाळपासून गायब. घोषबाबूही गायब. त्यांच्या घरच्या बरणीत बाबूशोनाही नाही.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. नव्या फाटकातून पहिली गेली ती काकूंची खुर्ची. ढकलणारे काका, इस्त्रीचा सदरा, आणि नखांत निळं काहीतरी. मेंदीला वळसा घालून खुर्ची तळ्यापाशी आली. न्हाणीघरातल्या टबापेक्षा थोडं मोठं, निळ्या कठड्याचं तळं. चार पानं, एकुलतं एक गुलाबी कमळ, आणि बाबूशोना. काका कमळाकडे बघेनात, काकूंकडे बघेनात, लांबच्या ट्रान्सफॉर्मरकडे बघत राहिले.

काकूंनी एक-एक पान निरखलं. मग पुढे वाकून त्यांनी डावा हात कठड्यावर टेकवला, उचलला, आपला निळा झालेला तळवा उन्हात धरून पाहिला आणि सगळ्यांच्या देखत काकांच्याच सुरात ओरडल्या,

"अहो, रंग अजून ओला आहे!"