तांबी कोंबडीचा घोट

शिरसाट बाईंनी आठ दिवस माझं डोकं खाल्लं. शाळेच्या अंकासाठी गोष्ट द्या म्हणे. मी म्हटलं, बाई, मला सही करताना जीभ बाहेर काढावी लागते, गोष्ट कुठली लिहितोय? तर म्हणाल्या, "आजोबा, बोधपर लिहा, छोटी लिहा, आणि कुणाला लागेल असं लिहू नका." कुणाला लागत नाही ती गोष्ट सांगायची कशाला? पण बाईंनी चहा पाजला. आता सुटका नाही. तेव्हा लेकरांनो, गप बसा आणि वाचा.

एका जंगलात एकच पाणवठा होता. गोष्टीतल्या जंगलात पाणवठा एकच असतो. दोन असले तर भांडण कशावरून व्हायचं?

तिथला राजा वाघ. कारभारी कोल्हा. आणि तांबी नावाची एक रानकोंबडी होती. तिला पाच पिल्लं. पिल्लं अंड्यातून निघून आठ दिवस झाले नव्हते. चैत्राचं ऊन तापलं होतं आणि झरे आटले होते.

आता कोंबडी पाणी कशी पिते, बघितलंय का कधी? मोबाईल खाली ठेवा आणि बघा. चोचीत घोट घ्यायचा, मान वर करायची, मग तो घशाखाली उतरतो. मान वर केली नाही तर पाणी आलं तसं बाहेर. तिला घसाच तसा दिलाय. त्यात तिची काही ऐट नाही.

एक दिवस वाघ समोरच्या काठावर लपालपा पाणी पीत होता. त्यानं बघितलं, ही कोंबडी दर घोटाला मान ताठ करून आपल्याकडे बघते.

"ही कोण लागून गेली?" वाघ म्हणाला.

"उर्मट आहे, महाराज," कोल्हा म्हणाला. "एका घोटाला एक उर्मटपणा. माझ्यादेखत अकरा झाले."

झालं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पाटी लागली. पाणी पिताना मान खाली ठेवावी. नियम सगळ्यांना सारखा.

हरणं म्हणाली, छान नियम आहे. रानगवे म्हणाले, आमची तर आधीपासून खालीच असते. ज्याचं काही अडत नाही त्याला कुठलाही नियम छानच वाटतो.

तांबी कोल्ह्याकडे गेली.

"कारभारी, मान खाली घालून आम्हाला पाणी गिळता येत नाही हो."

"येत नाही, की घालायची नाही?"

"माझी पिल्लं मरतील."

"रडारड नको, बाई. समिती नेमतो."

समितीत दोन कोल्हे, एक तरस आणि एक रानडुक्कर. पाखरांच्या वतीनं कुणीतरी हवं, म्हणून पारवा घेतला. आता पारव्याची गंमत अशी, की तो आणि त्याचे भाऊबंद चोच बुडवून, मान खाली ठेवूनच पाणी ओढतात. खोटं वाटत असेल तर देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसा.

पारव्यानं समितीसमोर पाणी पिऊन दाखवलं. टाळ्या पडल्या. त्याला शाल दिली, नारळ दिला. जंगलात नारळ कुठून आला ते मला विचारू नका.

"तांबीताई, मीपण पाखरूच ना?" पारवा म्हणाला. "मला जमतं. तुमच्या लोकांची शिकायचीच तयारी नाही."

"भाऊजी, तुमचा घसा वेगळा आहे."

"घशाची कारणं किती दिवस सांगणार?"

मग कोंबड्यांसाठी वर्ग निघाला. दहा दिवसांचा. पारवा शिकवायचा, तरस हजेरी घ्यायचा. पिल्लं चोच बुडवायची, पाणी आत जायचं आणि बाहेर यायचं. चौथ्या दिवशी सगळ्यात धाकटं पिल्लू मान टाकून पडलं. तरसानं त्याच्या नावापुढं 'प्रगती उत्तम' लिहिलं. मान एकदम जमिनीला लागली होती ना.

तांबीनं त्याला पंखाखाली घेतलं. पिकलं उंबर फोडून त्याच्या चोचीत भरवलं. जगलं ते. पण झाडावर उंबरं आता थोडीच राहिली होती.

तेवढ्यात राजाची मान धरली.

समितीतल्या त्या रानडुकरालाच खायला धावला होता. झटका बसला आणि मान वर अडकली ती खाली येईना. माकडवैद्य आला. त्यानं तेल चोळलं, मंत्र म्हटला, मग कंटाळून बांबूची नळी आणली आणि राजाच्या तोंडात वरून पाणी सोडायला लागला. राजा आभाळाकडे बघत पाणी पिऊ लागला.

"काय रुबाब!" कोल्हा म्हणाला. "राजानं असंच प्यावं!"

संध्याकाळपर्यंत पाटी बदलली. पाणी गिळताना मान वर ठेवावी. महाराज पाणवठ्यावर असेपर्यंत कुणीही खाली बघू नये.

हरणं ठसकली. गव्यांच्या नाकात पाणी गेलं. तरी सगळे नाक शिंकरत म्हणाले, हीच खरी सभ्य रीत. पारवा जुन्या विचारांचा ठरला. त्याची शाल काढून घेतली.

तांबी हरखली. पिल्लं घेऊन तरातरा निघाली. कोल्हा आडवा आला.

"कुठं निघालात?"

"पाणी प्यायला. आता आमचीच रीत झाली की!"

"तुमची? ही महाराजांची रीत आहे. तुम्ही महाराजांची नक्कल करणार?"

"अहो, आम्ही जन्मापासून असंच पितो!"

"तेव्हा तो उर्मटपणा होता. आता ती परंपरा आहे. तुम्हाला परंपरा हवी असेल तर अर्ज करा."

तांबी झुडपात येऊन बसली. धाकट्याचे डोळे मिटायला लागले होते. अर्जाला वेळ नव्हता.

तेवढ्यात महाराज पाण्यात उतरले. हरणांच्या माना वर गेल्या. गव्यांच्या गेल्या, तरसाची गेली, कोल्ह्याची सगळ्यात आधी गेली. साऱ्या काठावर खाली बघणारा एक डोळा नव्हता.

तांबीनं ते बघितलं. खात्री करायला पुन्हा एकदा बघितलं. मग उठली आणि चालत गेली. पिल्लांना पाय टेकतील एवढं उथळ पाणी एकाच जागी होतं. राजाच्या पुढच्या दोन पंजांच्या मधे. ती तिथंच जाऊन उभी राहिली. पिल्लं मागोमाग आली.

घोट, मान वर. घोट, मान वर. पोटं टम्म होईपर्यंत प्यायली. धाकट्याला तरतरी आली आणि ते गाढवासारखं मोठ्यानं चिवचिवलं.

"कोण आहे रे?" वाघ गुरगुरला.

कोल्ह्यानं आभाळभर नजर फिरवली. "वर तर कुणी नाही, महाराज."

"मग खाली बघ की, मूर्खा!"

"खाली बघायला बंदी आहे, महाराज. आपलीच पाटी आहे."

तांबीनं पाचही पिल्लं पुढं घातली आणि सावकाश काठावर आली. दुसऱ्या दिवशी महाराज यायच्या वेळेलाच ती पुन्हा हजर.

तात्पर्य: बाई म्हणतील, सगळ्यांना समान वागवावं असं लिहा. ते तुमच्या पुस्तकात आहे, तिथं वाचा. माझं तात्पर्य असं, की गरिबानं न्यायासाठी अर्ज करत बसू नये. राजाची मान धरू दे म्हणून नवस बोलावा. लवकर पावतो.

आणि हेच मी पाणीपुरवठ्याच्या सभेत बोललो, तेव्हा "म्हातारबा, खाली बसा, तुम्हाला काय कळतंय" असं म्हणून ज्यानं सगळ्या सभेला हसवलं, त्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही. छापताना बाईंनी त्या माणसाचं नाव गाळू नये: सोपान गिड्डे.