शेवटाआधीची पॅसेंजर

पाहुण्यांच्या घरी सम्राटनं तोंड उघडायचं ठरवलं आणि सगळा घोळ तिथंच सुरू झाला. एरवी तो बोलायचाच नाही. (नाव सम्राट, पण हॉटेलात दुसरा चहा मागायचीही लाज.) आठवीत शाळा सोडून तो वरवंडला ग्रिलच्या वेल्डिंगवर लागला होता. कासुर्डीला सीमाला बघायला निघतानाच आई रंभाबाईनं बजावलं होतं, "विचारलं तेवढंच बोल."

सीमाचे वडील पोपटराव म्हणाले, "आवड कशाची हाय तुम्हाला?"

"पिक्चरची. दर रविवारी दौंडला जातो. प्रेमाचे जास्त बघतो."

खरं तर त्याला प्रेमापेक्षा कुतूहलच जास्त. गाणं चालू असताना हिरो कपडे बदलतो कुठं? हिरोईनचा बाप घरातही कोट घालून का बसतो? आणि भरल्या शहरात पुस्तकं नेमकी तिच्याच हातातून का पडतात? वेल्डिंग करताना डोक्यात हेच. (त्यापायी एका गिऱ्हाइकाच्या गेटला कडी बाहेरून बसली.)

पोह्यांची बशी ठेवता ठेवता सीमानं मान वर केली. "तो दोन मित्रांचा बघितला का? आंधळ्या बहिणीचा?"

"तीनदा."

"मग शेवट कसा वाटला?"

सम्राटचा चमचा हवेतच थांबला. शेवट त्यानं पाहिलाच नव्हता. ह्याच काय, कुठल्याच पिक्चरचा नाही. दुपारचा खेळ सुटायच्या आधी पॅसेंजर सुटायची. त्यामुळे शेवटची मारामारी सुरू झाली की तो उठून स्टेशनाकडं पळायचा. शेवट तो गाडीत, उतरायचं केडगाव स्टेशन येईस्तोवर, मनानंच रचायचा आणि त्यात सगळ्यांची लग्नं लावून द्यायचा.

"लग्न झालं त्यांचं," तो म्हणाला. "बरं वाटलं."

"कुणाचं? हिरो तर मरतो की!"

"मरतो?" सम्राटला खरंच धक्का बसला. "आन् त्या दुसऱ्या पिक्चरमधला, बोटीवरचा?"

"बुडतो."

"आन् त्या तिसऱ्यातली, डोंगरावरची मास्तरीण?"

"ती कड्यावरनं उडी मारती."

एका बैठकीत त्याची तीन माणसं गेली. त्यानं बशी खाली ठेवली.

पोपटरावांचे डोळे बारीक झाले. "तीनदा बघितला म्हणता आन् शेवट ठावं न्हाई? मग रविवारचं दौंडला जाता कुठं?"

"अवो, पोरगं सुपारीबी खात न्हाई!" रंभाबाई म्हणाली.

"सुपारीचं कोण म्हणलं? पत्त्याचं क्लब काय कमी हायत का तिथं?"

"गाडी असती..." सम्राट पुटपुटला.

"शेवट टाकून कोण गाडी धरतं?"

आजवर त्याच्याशी पिक्चरवर एवढं कुणी बोललंच नव्हतं. त्याला सीमा मनापासून आवडली होती आणि स्थळ डोळ्यांदेखत हातचं चाललं होतं.

तेवढ्यात सीमाचे मामा हरिबा आले. दौंडला रेल्वेत होते. दारातच थबकले. "जयभीम... आरं, ह्यो? ह्याला मी वळखतो! दर रविवारी चपला हातात घिऊन फलाटावर पळतो. डोळं लाल, नाक पुशीत, आन् हलत्या गाडीत उडी! मी गार्डाला म्हणायचो, ह्याच्या घरी दर रविवारी कोण मरतं?"

पत्त्यांचा संशय तिथंच फिटला आणि सगळं घर हसलं. सीमा तर पदर तोंडात धरून आत पळाली. लग्न ठरलं. सीमाची एकच अट: एक तरी पिक्चर शेवटापर्यंत दाखवायचा. मुक्काम हरिबामामांकडं, म्हणजे गाडीची भानगड नको.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी दोघं दौंडला गेली. मारामारी सुरू झाली. हिरो पडला, हिरोईन धावली, सम्राट रडायला लागला. इतक्यात बाहेर इंजिनानं शिट्टी दिली आणि सम्राटच्या पायांनी त्याला विचारलंच नाही.

हलत्या डब्यात चढून, डोळे पुसून तो बाकावर सरकला. "बस की, सीमा."

शेजारची कोंबड्यांची पाटी घेतलेली म्हातारी त्याच्याकडं बघतच राहिली.

केडगावला उतरून, मिळेल त्या गाडीनं तो परत दौंडला आला. मामांच्या दारात सीमा बसली होती. माफी मागायची असं त्यानं वाटभर घोकलं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"सीमा, शेवट काय झाला गं?"

"हिरो चपला घिऊन पळाला."

"आन् हिरोईन?"

"ती मामाकडं जेवली," सीमा म्हणाली, उठून आत गेली आणि आतून कडी लावली.