चूलबंद आवतण

करंजाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवं बिऱ्हाड आलं, की टेम्पोतून फ्रिज उतरायच्या आत बाळारामकाका भोईर खाली हजर असतात. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न एकच. "घरान मानसा किती?"

आम्ही राहायला आलो तेव्हा मला वाटलं, पाण्याच्या टाकीचा हिशेब चाललाय. मी भीतभीत म्हटलं, "तीनच. मी, बायको आणि मुलगी." काकांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि जाहीर केलं, "एकशेचौदा." मग आमची सगळ्यात जड बॅग उचलून ते जिना चढायला लागले.

फ्लॅट किती, मालक कोण, भाडेकरू कोण, हे सेक्रेटरी सांगेल. माणसं किती, हे फक्त बाळारामकाकांना ठाऊक, आणि तेही तोंडपाठ. दुसऱ्या मजल्यावर साताऱ्याकडचे चौघे. त्यांच्या डोक्यावर मालवणचे सहा, "पन म्हातारी गनपतीला गेली का दोन मयने पाच." ऐरोलीच्या कंपनीत रात्रपाळी करणारे तिघे दिवसभर दार लावून झोपतात, त्यांचा काकांना भारी घोर. "हायत, पन दिसत नाय." ढेरेवहिनींना सातवा लागला तेव्हा काकांनी जिन्यातच सांगून टाकलं, "अर्धा धरलाय." वहिनी आठवडाभर लिफ्टने जात होत्या. एक कुटुंब नोकरीच्या जवळ म्हणून बिल्डिंग सोडून गेलं, तेव्हा "चार कमी" एवढंच बोलले आणि त्या दिवशी चहालाही खाली उतरले नाहीत.

आम्ही हसायचो. पाठीमागे त्यांना 'जनगणना' म्हणायचो. पाठीमागे म्हणजे फार मागे नाही, त्यांना ऐकू जायचं.

या खुळाचं मूळ एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांचं खाडीकाठचं गाव प्रकल्पात गेलं. घरांच्या बदल्यात कुणाला प्लॉट मिळाला, कुणी तो विकून फ्लॅट घेतला, आणि गाव चहूकडे पांगलं. "कोनाचे घरान किती मानसा, मना सगला ठावका व्हता. आता कोन कुठं हाय तेच सांगता येत नाय." एवढं बोलून ते चपलेकडे बघत बसले. मी "टाइम लागतो काका, टेन्शन घेऊ नका," असं काहीतरी पुटपुटलो. तेव्हा गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

मागच्या हिवाळ्यात त्यांना नातू झाला. बारशाआधी काका आणि काकू प्रत्येक दार वाजवत फिरले. कार्ड नाही, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज नाही. तोंडी आवतण, आणि तेही चूलबंद. म्हणजे लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या घरात त्या दिवशी चूलच पेटवायची नाही.

"सगल्यांनी येवाचा," काका म्हणाले. "आता आमचा गाव म्हंजे तुमीच."

"येणार तर!" मी म्हटलं. आपल्यात म्हणतातच तसं. आपल्या कार्डांवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेलं असतं आणि त्याचा अर्थ एकाने जाऊन पाकीट देऊन यायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. काकांना मात्र ते कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी आमच्या घरात नेहमीसारखा गॅस पेटला. "एवढ्या गर्दीत आपण नसलो तर कुणाला कळतंय!" हे वाक्य माझंच. त्या दिवशी ते घरोघरी कुणी ना कुणी बोललं असणार, कारण चार वाजता मी एकटा खाली गेलो तेव्हा मागच्या मोकळ्या प्लॉटवरचा मांडव जवळजवळ रिकामा होता. फडक्याखाली तांदळाच्या भाकऱ्यांच्या चळती तशाच. मटणाची पातेली झाकलेली. न खाणाऱ्यांची वेगळी पंगत, तीही मोजून मांडलेली. काका अजून जेवले नव्हते. मला पाहून लगबगीने उठले आणि माझ्या मागे बघायला लागले.

"वयनी? पोर?"

"तिला जरा ताप आहे, काका. मुलगी तिच्यापाशी थांबलीय."

खोटं बोलताना मला साधा ठसकाही लागला नाही. मागाहून कळलं, माझ्यासारखे जे दहा-बारा जण एकेकटे डोकावून गेले, त्यातल्या बहुतेकांनी घरी तापच आणला होता.

सोमवारी संध्याकाळी जिन्यातून धूर वर यायला लागला. मी घाबरून दार उघडलं, तर खाली डासांच्या फवारणीची गाडी! बाळारामकाका सकाळपासून फवारणीवाल्यांच्या ऑफिसात ठिय्या देऊन बसले होते. "अख्ख्या बिल्डिंगीला ताप आलाय," असं सांगून गाडी घेऊनच परतले. आता धुराच्या पुढे ते दारं वाजवत येत होते, आणि मागे काकू, पेजेचा डबा घेऊन.

माझी बायको वैशाली नुकतीच ऑफिसातून येऊन समोसा खात होती. ती पर्ससकट पलंगावर आडवी झाली आणि मी तिच्यावर चादर टाकली.

"मना काल लय लागला व्हता," काका दारातच म्हणाले. "म्हनला, आमचाच काय चुकला, सगली रागावली. मंग तुमी ताप म्हनलाव, खालच्यांनी पन ताप म्हनला. तवा कुठं जीवाला बरा वाटला." आणि एकदम जीभ चावून हसले. "म्हंजे ताप आला ते बरा नाय हां!"

काकू आत गेल्या. त्यांनी वैशालीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंडगार होतं. हात तसाच राहिला, नजर चादरीबाहेर आलेल्या पर्सच्या पट्ट्यावर गेली.

"हाय का ग ताप?" काकांनी दारातून विचारलं.

"हाय थोरा," काकू म्हणाल्या. "पेज पिली का उतरल."

काका समाधानाने पुढचं दार वाजवायला गेले. काकूंनी आमच्याच वाटीत पेज ओतली आणि वैशालीने ती संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं. ते त्यांनी आपल्या माणसापासून लपवलं, आणि आम्ही लपवू दिलं.