दोष आढळला नाही

पत्र येणं हा माणसाचा हक्क आहे, पत्र जाणं ही कचेरीची मेहेरबानी. आमच्या अनुवादक बाईंना हे जरा उशिराच कळलं.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून बाई कचेरीचा लॅपटॉप घेऊन घरून काम करू लागल्या. ईमेल यायचे सगळे, जायचा मात्र एकही नाही. त्यांनी संगणक कक्षाच्या प्रमुखांना फोन लावला.

"तक्रार ईमेलनेच करायची असते, बाई."

"अहो, ईमेलच जात नाहीये."

"मग तेच लिहा ना त्यात."

शेवटी आईला शेजारणीच्या भरवशावर सोडून, दोन बस बदलून बाई कचेरीत आल्या. लॅपटॉप उघडताच तुंबलेले एकोणीस ईमेल सुसाट गेले. प्रमुखांनी शेरा मारला : 'दोष आढळला नाही.' (कक्षाने वर्षभरात ४१२ तक्रारी निकाली काढल्या, त्यांपैकी ४०९ याच तीन शब्दांत. उरलेले तिघे तक्रारदार तोवर निवृत्त झाले होते.)

घरी ये रे माझ्या मागल्या. कारण साधं होतं. कचेरीचा सर्व्हर कचेरीच्या इंटरनेटवरून आलेलं पत्र न विचारता पुढे पाठवतो. बाहेरून आलेल्याला पासवर्ड विचारतो. तो द्यायचा, तर सेटिंगमध्ये एका चौकोनात खूण करावी लागते. काम अर्ध्या मिनिटाचं. प्रमुखांना ते ठाऊकही होतं. पण खूण केली असती, तर दोष होता हे सिद्ध झालं असतं, आणि शेरा तर लिहून झाला होता. त्यांनी तोडगा काढला : बाईंनी काम घरी करावं, पाठवायला रोज कचेरीत यावं.

बाई रोज दुपारी येऊ लागल्या. नवव्या दुपारी आई एकटीच उठायला गेली आणि पडली. पुन्हा ऑपरेशन झालं.

पुढे आईला व्यायाम द्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने बाईंची कटकट ऐकली. "माझंही असंच व्हायचं," म्हणत तिने ती खूण केली. घरून गेलेला बाईंचा पहिला ईमेल म्हणजे राजीनामा.

प्रमुखांनी तो सर्वांना दाखवला. "बघा, घरूनच आलाय. मी म्हणत नव्हतो?"

ती खूण कचेरीत आम्हा सगळ्यांनाच माहीत होती. बाईंनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. तुमचं प्रमुखांना हसून झालं असेल, तर शेजारच्या टेबलावर काय अडलंय ते एकदा बघा. किंवा राहू द्या. तिकडूनही अजून तक्रार आलेली नाही.